बदकाची पिसं आणि फ्रोझन वाटाणे

आमच्या घरात गिर्यारोहण बायको करते आणि त्यातलं कळतं मला.

माझी बायको वर्षा खारघरच्या एका शाळेत पीटीची शिक्षिका आहे. चाळिशीत तिला डॉक्टरांनी सांगितलं, 'रोज चालत जा.' ती चालत चालत खारघरच्या टेकडीवर गेली, तिथून कुठल्या कुठल्या किल्ल्यांवर गेली, मग सुळक्यांवर गेली आणि अजून काही खाली यायचं नाव घेत नाही. मी बेलापूरच्या सरकारी ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर बसतो आणि लिफ्ट बंद असली की रजा टाकावी का असा विचार करतो. पण व्हिडिओ! गिर्यारोहणाचे व्हिडिओ मी इतके बघितलेत की नुसता बर्फाचा रंग बघून सांगू शकतो, आता जाहिरात लागणार.

तर गेल्या हिवाळ्यात हिमाचलातल्या एका शिखराच्या मोहिमेसाठी वर्षाची निवड झाली. ऐन थंडीतली मोहीम! घरात मी सगळ्यांत आधी पेढे खाल्ले आणि सगळ्यांत आधी मीच तिथली थंडी किती असते ते शोधायला बसलो.

"बाकी सामान तिकडे भाड्यानं मिळतं," वर्षा म्हणाली. "फक्त डाऊन जॅकेट स्वतःचं आणा म्हणालेत. शनिवारी जाऊन घेऊन येते."

"तू?"

"का? घालणार मीच आहे ना?"

"तू चढायचं बघ. जॅकेटचं माझ्यावर सोड."

डोंगरावर एखादा हलणारा दगड दिसला की ती त्याच्याकडे ज्या नजरेनं बघते ना, पाय ठेवावा की नको, तशी माझ्याकडे बघत राहिली. आणि तिनं पाय ठेवला!

पुढचा आठवडाभर मी अभ्यास केला. ऑफिसातल्या प्रत्येकाला डबा खाता खाता डाऊन जॅकेट समजावून सांगितलं. (शेवटी शेवटी लोक माझ्या टेबलाला वळसा घालून पाणी प्यायला जायचे.) घरी आईला समजावणं मात्र अवघड गेलं. आमची आई मूळची परभणीकडची. नवी मुंबईत तिला सगळं पटलंय, फक्त आम्ही सांगितलेलं पटत नाही.

"डाऊन म्हंजे काय रे?"

"बदकाच्या पोटाखालची मऊ मऊ पिसं, आई. ती जॅकेटात भरतात. पिसांमध्ये हवा अडकून बसते आणि अंगातली ऊब बाहेर जात नाही."

"म्हंजे गादी."

"गादी नाही. जॅकेट."

"पिसं भरली, वरून टाके घातले. गादीच की! त्यासाठी कामून वाशीला जाता? पिंजाऱ्याला बोलवा."

शनिवारी आम्ही वाशीच्या दुकानात गेलो. वर्षानं आत शिरल्या शिरल्या एक काळं, पातळसं जॅकेट उचललं. घडी घातली की ते स्वतःच्याच खिशात मावायचं आणि नारळाएवढं व्हायचं.

"अहो, हे बघा. किती हलकं!"

मी जाणकार माणसं हसतात तसा हसलो. "हलकं? हे घालून तू बर्फात जाणार? हे या दुकानाच्या एसीत घालायचं जॅकेट आहे."

"अहो, पिसं चांगल्या जातीची असली की जास्त फुलतात, म्हणून कमी लागतात. म्हणून हलकं असतं."

"मला माहितेय," मी म्हणालो. (माहीत नव्हतं. त्या व्हिडिओत नेमकी तिथंच जाहिरात लागली होती आणि मी चहा ठेवायला उठलो होतो.)

मग माझी नजर वर गेली. छताजवळ एक नारंगी जॅकेट टांगलं होतं. टम्म फुगलेलं! बाह्या अशा की आत दोन भोपळे झोपलेत. त्याच्याकडे नुसतं बघूनच मला उकडायला लागलं. मी म्हणालो, "ते काढा. आणि दोन साइज मोठं द्या."

"दोन साइज?" वर्षा म्हणाली. "मी एकटी घालणार आहे की आपण दोघं मिळून?"

"आत स्वेटरबिटर घालायचे असतात! थरावर थर! शास्त्र आहे ते!"

दुकानात चार माणसं वळून बघायला लागली तेव्हा वर्षानं आवाज खाली आणला. "ठीक आहे, घ्या. पण डोंगरावर गेल्यावर कळलं की जॅकेट चुकलंय, तर तिथून वाशीला परत येता येत नाही. जायच्या आधी मला हे थंडीत घालून दाखवायचं. नाही टिकलं, तर मी माझं घेणार."

"दाखवतो की!" मी म्हणालो. नवी मुंबईत थंडी कुठून आणायची, हे बिल झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

आधी बेडरूममधला एसी जेवढा खाली जातो तेवढा नेला, पंखा पाचवर ठेवला आणि जॅकेट घालून मधोमध बसलो. थोड्याच वेळात माझ्या कानातून घाम यायला लागला. कॉलेजात जाणारी आमची मुलगी सानिका दार उघडून म्हणाली, "बाबा, तुम्ही गॅसवर ठेवल्यासारखे दिसताय." मग फ्रीजरमध्ये हात घालून बघितला. हात बाहीसकट अगदी मजेत होता, पण बाकीचा माणूस फ्रीजमध्ये मावेना. आणि आतली मेथी आईनं नुकतीच निवडून ठेवली होती, त्यावरून वेगळं ऐकावं लागलं.

तेवढ्यात मला मिलिंद आठवला!

मिलिंद म्हणजे वर्षाचा धाकटा भाऊ. वाशीच्या मार्केटजवळ एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथं तो सुपरवायझर आहे. मी लगेच फोन लावला.

"जयभीम मिलिंद! तुझ्याकडे थंडी किती आहे रे?"

"जयभीम दाजी. कसली थंडी?"

"तुझ्या गोडाऊनमध्ये. जास्तीत जास्त."

"फ्रोझन वाटाण्याच्या खोलीत उणे अठरा असतं. का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उणे अठरा! आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर हिमालय होता आणि त्यात वाटाणे भरून ठेवले होते!

मिलिंद तयार होईना. "दाजी, खाण्याचा माल असतो तिथं. बाहेरची माणसं चालत नाहीत. शिवाय रविवारी दुपारी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्या सावंत मॅडम येणारेत. फार कडक बाई आहे. तिनं नापास केलं तर मालक मला आधी बाहेर काढतील, मग वाटाणे."

"अरे, तुझ्या ताईच्या जिवाचा प्रश्न आहे!"

हे मी गमतीत म्हणालो. पण त्यानं ते खरं धरलं. मग म्हणाला, "सकाळी या. दहा मिनिटं. कशाला हात लावायचा नाही."

रविवारी सकाळी वर्षा, सानिका आणि मी निघालो तर आई चप्पल घालून दारात हजर.

"आई, तू कुठं?"

"मला बरफ बघायचाय."

"तिथं बर्फ नसतो, आई. वाटाणे असतात."

"मग वाटाणे बघते."

कोल्ड स्टोरेजमध्ये मिलिंदनं सगळ्यांना तिथले जाडजूड कोट दिले. आईचा कोट घोट्यापर्यंत आला. मी अर्थातच कोट नाकारला. परीक्षा जॅकेटची होती आणि परीक्षेला बसणार होतो मी! झिप गळ्यापर्यंत ओढली, टोपी चढवली आणि एखाद्या मंत्र्यानं उद्घाटनाला आत शिरावं तसा त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पडद्यातून आत शिरलो.

आत लाकडी फळ्यांवर वाटाण्याच्या खोक्यांचे उंच उंच ढीग होते. छताजवळचे ब्लोअर गार वारा फेकत होते. तोंडातून वाफा निघायला लागल्या. आणि मला? काहीही नाही! चक्क उबदार वाटत होतं!

"काय?" मी वर्षाला म्हणालो. "कसं काय?"

"तुम्ही नुसते उभे आहात," वर्षा म्हणाली. "हात वर करा बघू. चढताना करावे लागतात."

मी हात वर केले. त्याबरोबर ते दोन साइज मोठं जॅकेट तंबूसारखं वर उचललं गेलं आणि उणे अठरा अंश खालून आत शिरले. ते थेट बनियनपर्यंत पोचले. माझ्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी आधी कधी काढला नव्हता.

"ढगळ आहे," वर्षा शांतपणे म्हणाली. "आत गार हवा खेळते. ऊब राहणार कशी?"

"तो खोकला होता," मी म्हणालो. "आणि चढताना माणूस असा हात वर करत नाही. असा करतो!" असं म्हणून मी खोक्यांच्या एका बुटक्या ढिगावर पाय ठेवला आणि सुळक्यावर चढतात तसा वर झेपावलो.

"दाजी, हात नाही लावायचा!" मिलिंद ओरडला.

आणि त्याच क्षणी त्या लाकडी फळीच्या खिळ्यात माझी बाही अडकली. चर्रर्र!

क्षणभर काहीच झालं नाही. मग बाहीतून एक पीस बाहेर आलं. एवढंसं, पांढरं, गोजिरवाणं. ते हवेत थोडं रेंगाळलं आणि इकडंतिकडं बघून ब्लोअरच्या वाऱ्यावर निघून गेलं. त्याच्यामागून दुसरं गेलं. आणि मग त्या दोघांनी आत निरोप पाठवला असावा! भस्सकन पिसांचा लोटच निघाला. बघता बघता खोलीभर पांढरंशुभ्र झालं. खोक्यांवर, दिव्यांवर, मिलिंदच्या भुवयांवर पिसं!

आईनं दोन्ही हात वर करून टाळ्या पिटल्या. "बरफ! बाई गं, बरफ पडू लालाय!"

"बाबा, तुम्ही लीक होताय!" सानिका ओरडली. शूटिंग करत असलेला मोबाईल मात्र तिनं खाली केला नाही.

"दाजी, हलू नका!" मिलिंद म्हणाला.

"का?" असं विचारायला मी वळलो, तर आणखी एक ढग निघाला.

"काढा, काढा ते जॅकेट!"

मी झिप ओढली. झिपमध्ये आतलं कापड अडकलं होतं. ती छातीपर्यंत आली आणि तिथंच ठाण मांडून बसली. मग मी डोक्यावरून काढायला गेलो. दोन्ही हात वर, तोंड आत, पोट उघडं, अशा अवस्थेत मी अडकलो. (दोन साइज मोठं जॅकेट अडकतं कसं, हे मला विचारू नका. मी जॅकेटला विचारलं होतं.) आत अंधार होता, तोंडात पिसं होती आणि बाहेरून मिलिंदचा रडवेला आवाज येत होता, "ताई, दुपारी मॅडम येणारेत गं! माझी नोकरी गेली!"

तेव्हा वर्षाचा आवाज आला. डोंगरावर दोर हातात असला की ती ज्या आवाजात बोलते, तो मी पहिल्यांदाच ऐकला.

"मिलिंद, ब्लोअर बंद कर. सानिका, मोबाईल खिशात. आई, टाळ्या नकोत, वारा लागतो. आणि अहो, तुम्ही काही करू नका."

"काहीच?" मी आतून विचारलं.

"तुम्ही जे जे करता, त्यातलं काहीच."

ब्लोअर थांबले. पिसं हळूहळू खाली बसायला लागली. वर्षानं मला सरळ केलं, जॅकेट खाली ओढलं आणि फाटलेल्या बाहीवर हात दाबून धरला. पण शिवण खांद्यापर्यंत उसवत गेली होती. मी श्वास घेतला तरी पिसं निघत होती. श्वास थांबवायचा मी प्रयत्न केला, पण तो फार वेळ जमला नाही.

"ह्यांना गुंडाळा," वर्षा म्हणाली.

खोक्यांचे ढीग सुटू नयेत म्हणून त्यांना पारदर्शक प्लास्टिक गुंडाळतात ना, तो रोल मिलिंद घेऊन आला. त्याच्या दोन माणसांनी माझ्याभोवती गोल गोल फिरत मला गुडघ्यापर्यंत पॅक केलं. अगदी टापटीप काम! मग लक्षात आलं की मला चालता येत नाही. तेव्हा मला माल वाहायच्या ट्रॉलीवर उभं करून खोलीबाहेर काढलं आणि ट्रक लागतात त्या फलाटावर नेऊन ठेवलं. वरून सकाळचं चढतं ऊन, आत बदकाची पिसं, बाहेर प्लास्टिक. हिमाचलासाठी आणलेलं जॅकेट तिथं जे काम करत होतं, त्याला तोड नव्हती!

आणि सावंत मॅडम आल्या. वेळेआधी.

पांढरा कोट, डोक्याला जाळी, हातात टॉर्च. माझ्यासमोर येऊन थांबल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या ओठाला चिकटलेलं एक पीस मी फुंकून उडवलं.

"हे काय आहे?"

मिलिंद पुढे आला. "मॅडम... दाजी."

"आम्ही दाजी मागवले नव्हते."

मिलिंदचा चेहरा बघून माझ्या आतलं सगळं हसू संपलं. त्याच्या घरातला कमावता तोच एकटा. त्याला काहीतरी थाप मारता आली असती. सकाळपासून बंद होतं, मशीन बिघडलं होतं, काहीही. पण त्यानं सगळं खरं सांगून टाकलं. ताईची मोहीम, जॅकेट, खिळा, सगळं. मीही प्लास्टिकमधून जमेल तेवढा पुढे वाकलो. "मॅडम, ह्याचा काही दोष नाही. हा नकोच म्हणत होता. मी ऐकलं नाही."

"ते दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, "खोकी सीलबंद आहेत, म्हणून वाचलात. पण एकूण एक खोकं पुसल्याशिवाय आणि खोली साफ झाल्याशिवाय इथून एक वाटाणा हलणार नाही. मी बसते इथंच." मग माझ्याकडे बोट केलं. "आणि ह्यांना सोडवा. ह्यांना पहिल्यांदा कामाला लावा."

कात्रीनं मला प्लास्टिकमधून आणि मग जॅकेटमधूनही कापून काढलं. जॅकेट एका पोत्यात बंद करून गाडीत ठेवलं. मग आम्ही सगळे कोट घालून, हाताला चिकटपट्टी उलटी गुंडाळून, आळीपाळीनं आत जाऊन पिसं टिपत बसलो. एक पीस टिपलं की दुसरं खोक्याखालून डोकं काढायचं. बदक गेलं कधीच, पण त्याचा खोडकरपणा शिल्लक होता! वर्षा खोलीचे भाग पाडून देत होती, कोण किती गारठलंय ते बघून बाहेर पाठवत होती, परत आत घेत होती. तिच्या हाताखाली मिलिंदची माणसंही मुकाट्यानं राबत होती.

फलाटावर आई मॅडमजवळ बसली होती. गरम व्हायला बाहेर आलो तेव्हा तिचं बोलणं कानावर पडलं.

"पोरगं वाईट नाही माझं. बायकोला एवढ्या लांब धाडायचं भ्या वाटू लालंय त्याला. म्हणून आठवडा झाला, नुसतं जाकेट जाकेट करतंय."

मी खांबाआड थांबलो. मागे वर्षाही उभी होती. तिनंही ऐकलं होतं. आत गेल्यावर शेजारी बसून खोकी पुसता पुसता ती हळूच म्हणाली, "भीती वाटते तुम्हाला?"

"छे!"

"मला वाटते."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. "मग कशाला जातेस?"

"जायचंय म्हणून. भीती वाटली की मी दोर परत तपासते, गाठ परत बघते, जॅकेट नीट मापाचं घेते. तुम्ही भीती वाटली की दोन साइज मोठं घेता."

मी वाद न घालता खोकं उचललं आणि पुन्हा पुसायला घेतलं. (असं क्वचित होतं. वर्षानं तो क्षण नीट अनुभवला.)

संध्याकाळी मॅडमनी टॉर्च घेऊन कोपरा न् कोपरा बघितला. एका दिव्यामागचं शेवटचं पीस त्यांनी स्वतः चिमटीत पकडलं, माझ्या हातात ठेवलं आणि मिलिंदला म्हणाल्या, "पास. आणि खरं बोललात, म्हणून वर काही कळवत नाही." मिलिंदनं मॅडमना हात जोडले. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मॅडमना रात्री जेवायला यायचं आमंत्रण देऊन टाकलं. त्या आल्या नाहीत. पण हसल्या मात्र.

वर्षानं ते काळं, पातळ जॅकेट घेतलं. या खेपेला दुकानात मी फक्त पिशवी धरली आणि विचारल्याशिवाय एक अक्षर बोललो नाही. विचारलं कुणीच नाही.

ती गेली. मधले दिवस आम्ही घरात फोनभोवती फिरत काढले, त्याबद्दल नको लिहायला. एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. तुटक तुटक आवाज, पण तिचाच.

"अहो! वर जाऊन आले! खाली आलोय आता, सगळे ठीक आहोत. वारा भयंकर होता. पण जॅकेट एकदम गरम!"

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. म्हणालो, "मी सांगितलंच होतं!"

"काय सांगितलं होतं?"

नेमकी तेव्हाच रेंज गेली. हिमालयाचे माझ्यावर उपकार आहेत.

वर्षा परत आल्यावर पेढे द्यायला मी कोल्ड स्टोरेजवर गेलो. गेटवरच्या वॉचमननं मला बघितलं, पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातातून घेतला आणि काही न बोलता शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं ठळक अक्षरांत नवी कोरी पाटी लावली होती :

'सूचना : पिसं भरलेले कपडे घालून कोणीही आत येऊ नये. दाजींनी कोणतेही कपडे घालून आत येऊ नये.'

मी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. 'दाजीनं' नव्हतं लिहिलेलं, 'दाजींनी' लिहिलं होतं. काही म्हणा, मान आहे आपल्याला तिथं!